करणीचा उगम शोधताना दगड काय सांगतात

प्रश्न असा आला आहे: ‘आशियात जिकडे तिकडे करणी, जादूटोणा, शाप यांच्या परंपरा दिसतात. त्यांचा उगम कुठला? हे सगळं अथर्ववेदातून पसरलं की आदिवासींकडून आपल्यात आलं? आणि आमच्या शेताच्या बांधावर गाढव आणि बाई कोरलेला एक दगड आहे, तो करणीचा आहे असं म्हणतात, ते खरं का?’

मी मांत्रिक नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. कोकणात आणि गोव्यात जुन्या शिलालेखांचे ठसे घेणं आणि ते वाचणं हे माझं काम. तेव्हा उत्तरही दगडाच्या बाजूनेच येणार.

प्रश्नात दिलेले दोन्ही पर्याय मला पटत नाहीत. एकच एक उगम सापडत नाही, आणि सापडेलसं वाटतही नाही. मात्र आशियात जिथे जिथे करणीचा आणि शापाचा जुन्यातला जुना लेखी पुरावा मिळतो, तिथे तो राजवाड्यातला, देवळातला किंवा सरकारी दफ्तरातला असतो. यावर कुणी म्हणेल, लिहिणारेच तिथे बसलेले, मग पुरावा दुसरीकडे मिळणार कसा? बरोबर आहे. रानात त्या वेळी काय चाललं होतं ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. पण मग ‘आदिवासींकडून आलं’ हे म्हणायला तरी काय आधार उरतो? जो पुरावा हातात आहे तो उलट बोट दाखवतो.

आधी एक गुंता सोडवू. शाप आणि करणी आपण एका दमात म्हणतो, पण त्यांची रीत वेगळी. शाप उघड असतो: देणारा आपलं नाव सांगतो, साक्षीला देव ठेवतो, ‘अमुक केलंस तर तमुक होईल’ अशी अट घालतो. करणी चोरून होते, किंवा झाली असं कुणीतरी म्हणतं. शापाचा कर्ता सापडतो. करणीचा कर्ता शोधावा लागतो, आणि सगळा अनर्थ त्या शोधात आहे.

मेसोपोटेमियापासून, म्हणजे आजच्या इराककडच्या मुलखापासून, सुरुवात करतो, कारण आशियातला सगळ्यात जुना तपशीलवार ऐवज तिथला आहे. तिथे ‘मक्लू’ नावाचा एक विधी होता. अक्कडी भाषेत, मातीच्या आठ पाट्यांवर मंत्र आणि वर एक विधीची पाटी. अबू महिन्याच्या अखेरीस, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, एका रात्रीत तो करायचा. चेटकिणीच्या मेणाच्या, चरबीच्या, लाकडाच्या, मातीच्या बाहुल्या करायच्या आणि मंत्र म्हणत जाळायच्या. चेटकीण कोण हे बहुतेक वेळा ठाऊकच नसे, म्हणून मंत्रांत ‘तू कुणीही असशील’ अशा थाटाचं बोलणं. ध्यानात घ्या, हा विधी करणारा राजमान्य पुरोहित आहे, लिहिता-वाचता, दरबारात ऊठबस असलेला. बाहुली करून जाळणं हे त्याने केलं तर उपचार, दुसऱ्याने केलं तर चेटूक!

अथर्ववेदातही हेच दिसतं. पाचव्या कांडातलं एकतिसावं सूक्त काढून बघा. करणी कुठे कुठे पुरलेली असू शकते याची तिथे यादी आहे. कच्च्या मडक्यात, मिसळलेल्या धान्यात, कच्च्या मांसात, कोंबड्यात, बोकडात, सभेत, जुगाराच्या फाशांत, सैन्यात, दुंदुभीत, विहिरीत, स्मशानात. तिठ्यावर सापडलेल्या मडक्याला वळसा घालून जाणाऱ्या माणसाला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. आणि पालुपद काय, तर ‘पुनः प्रति हरामि ताम्’, ती मी परत पाठवतो. म्हणजे बोलणारा हा करणी करणारा नव्हेच, ती उलटवणारा आहे. पत्रीच्या पुडीत आपण जो आघाडा विकत आणतो, त्याचंही एक जुनं काम हेच. चौथ्या कांडात अपामार्गाला करणी पुसून टाक म्हणून आळवलं आहे, आणि अपामार्ग म्हणजे आघाडा.

दहाव्या कांडाचं पहिलं सूक्त तर बाहुलीचं वर्णनच देतं. डोकं असलेली, नाक असलेली, कान असलेली, हाताने घडवलेली, वरातीतल्या नवरीसारखी सजवलेली. तिसऱ्या मंत्रात संशयितांची नावनिशी येते: शूद्राने केलेली असो, राजाने केलेली असो, बाईने केलेली असो, ब्राह्मणांनी केलेली असो, नवऱ्याने हाकललेली बायको आपल्या माणसांकडे जाते तशी ती आपल्या कर्त्याकडे परत जावो. ही यादी मला फार मोलाची वाटते. तीत राजा आहे, ब्राह्मण आहेत. संशय वरच्यावर जाऊ शकत होता. पुढे दोन-अडीच हजार वर्षांत यादी आखडत गेली आणि शेवटी तीत एकटी बाई उरली, तीही बहुतेक वेळा नवरा नसलेली.

हे आखडणं कसं झालं त्याचा एक नमुना मनुस्मृतीत आहे. नवव्या अध्यायात (श्लोक २९०) सगळ्या अभिचारांना (दुसऱ्याला इजा करायच्या मंत्रप्रयोगांना), जडीबुटीच्या प्रयोगांना, कृत्यांना (म्हणजे करणीला) २०० पण दंड सांगितला आहे; पण हे त्या काळचं नाणं. अकराव्या अध्यायात (श्लोक ३३) म्हटलं आहे की ब्राह्मणाने अथर्वांगिरस, म्हणजे अथर्ववेदातले, मंत्र बेलाशक वापरावेत, वाणी हेच त्याचं शस्त्र, तिने शत्रूंना मारावं. एकाच ग्रंथात एकाच कर्माला दंडही आहे आणि परवानाही आहे. कोण करतो यावर सगळं अवलंबून. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात तेच केलं: कृत्या-अभिचार करणाऱ्यांना हेरांकरवी हुडकून हद्दपार करा असं एका अधिकरणात (ग्रंथाच्या भागात) सांगितलं, आणि चौदावं अख्खं अधिकरण शत्रूविरुद्धच्या गुप्त प्रयोगांना वाहिलं.

चीनचं एकच उदाहरण देतो, पण ते दरबारातलं आहे म्हणून द्यायलाच हवं. इ.स.पू. ९१. हान सम्राट वू म्हातारा, आजारी, संशयी. जियांग चोंग नावाच्या अधिकाऱ्याने त्याला पटवलं की आजारपणामागे पुरलेल्या बाहुल्या आहेत. राजवाड्याची जमीन खणायला सुरुवात झाली आणि लाकडी बाहुल्या ‘सापडल्या’ त्या युवराजाच्या महालात. युवराजाने जियांग चोंगला मारलं, राजधानीच्या रस्त्यांवर लढाई झाली, सम्राज्ञीने आणि युवराजाने जीव दिला, हजारो माणसं गेली. पुढे सम्राटाला पश्चात्ताप झाला म्हणतात. गादी कुणाला मिळणार हा वाद बाहुल्यांच्या भाषेत लढला गेला, एवढाच त्याचा अर्थ. भाऊबंदकीतल्या जमिनीच्या वादात लिंबू-टाचण्या सापडतात तेव्हा मला हेच प्रकरण आठवतं.

आता ‘भारतातून पसरलं का’ याकडे येतो. सुमात्राजवळ बांका नावाचं बेट आहे. तिथल्या कोटा कापूर इथे श्रीविजय राज्याचा एक शिलालेख मिळाला, शके ६०८, म्हणजे इ.स. ६८६ चा. लिपी पल्लव वळणाची, भाषा जुनी मलाय. राजाशी द्रोह करणाऱ्यांना त्यात शाप आहे, आणि शापाला पात्र अशा दुष्कर्मांची यादी आहे: लोकांना आजारी पाडणं, वेडं करणं, मंत्र घालणं. त्या यादीत ‘विषप्रयोग’ आणि ‘वशीकरण’ हे शब्द सरळ संस्कृतातले आहेत. शेवटी ‘इत्येवमादि’सुद्धा! मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बाबा-बंगाल्याच्या जाहिरातीतला शब्द तेराशे वर्षांपूर्वी सुमात्राकडच्या बेटावर कोरला गेला होता. पण त्याच ओळीत ‘उपुह’ आणि ‘तुबा’ हे तिथलेच शब्दही आहेत. एक तिथल्या झाडाचा विषारी चीक, दुसरी मासे मारायला वापरतात ती मुळी. म्हणजे विष तिथलं, भीती तिथली, वर मुलामा संस्कृतचा. ‘पसरणं’ म्हणतात ते बहुतेक ठिकाणी इतकंच असतं.

सुमात्रातल्या पालेंबांगच्या तलग बातू शिळेवर तर शापाचं यंत्रच दिसतं. वरच्या कडेला सात फण्यांचा नाग, मधे लेख, खाली पाणी वाहून जायला पन्हळ. शिळेवर पाणी ओतायचं, ते अक्षरांवरून उतरून पन्हळीतून येईल ते प्यायचं, हीच शपथ. ज्यांना हे पाणी पाजायचं त्यांची यादी राजपुत्र, सेनापती, न्यायाधीश यांच्यापासून कारकून, जहाजाचे नाखवे, व्यापारी आणि राजाच्या धोब्यांपर्यंत जाते. फितूर झालास तर प्यालेला शाप तुला मारील, हा करार. तलवारीचा पहारा प्रत्येक नाखव्यावर ठेवता येत नाही. शाप पोटात ठेवता येतो.

जिथे राजाचा शिपाई पोचत नाही तिथे शाप पोचवायचा, हे काम मेसोपोटेमियातल्या ‘कुदुर्रू’ दगडांनी फार आधी केलं होतं. जमिनीच्या देणगीचे हे दगड. वर चंद्रकोर, सूर्यबिंब, तारा, खाली लेख, आणि दान मोडणाऱ्याला शिव्याशाप. त्यातली एक तरतूद मला वकिली डोक्याची वाटते. जो स्वतः दगड हलवणार नाही पण वेड्याला, बहिऱ्याला, आंधळ्याला पुढे करून हलवील, पाण्यात टाकील, मातीत पुरील, त्यालाही शाप लागू. पळवाटा त्या वेळीही लोकांना सुचत होत्या!

आणि आता तुमचा दगड. तो करणीचा नाही. त्याला आम्ही गधेगाळ म्हणतो, गाळ म्हणजे शिवी. शिलाहार, यादव, कदंब यांच्या काळात आणि पुढेही, ढोबळ मानाने दहाव्या ते सोळाव्या शतकापर्यंत, जमीन किंवा गाव दान दिलं की असा दगड उभा करत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत दान टिकावं. मधे लेख, असला तर. खाली गाढव आणि बाई. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्र कळावं अशी सोय. उत्तर कोकणात हे दगड सगळ्यात जास्त, गोव्यातही आहेत.

यातला नामांकित लेख परळचा, शिलाहार राजा अपरादित्याचा, इ.स. ११८७ चा. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत. राजाची बिरुदं संस्कृतात, दानाचा तपशील संस्कृतात. शाप आला की भाषा बदलते: ‘अथ तु जो कोणु हुवि ए शासन लोपी तेया श्रीवैद्यनाथ देवाची भाल सकुटुंबीआ पडे’. जो हे शासन मोडील त्याच्यावर सहकुटुंब देवाचा कोप कोसळो. याच्या पुढच्या वाक्यात त्याच्या आईवरून गाढवाची शिवी आहे. ती मी इथे लिहीत नाही, दगडावर स्पष्ट आहे. संस्कृतात शाप देता येत नव्हता असं नाही. ताम्रपटांच्या शेवटी ‘स्वदत्तां परदत्तां वा’ हा श्लोक हजारो वेळा येतो, जमीन हरण करणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल असं सांगणारा. पण जमीन बळकावणारा गावगुंड संस्कृतातल्या साठ हजार वर्षांना घाबरत नसावा. त्याला समजेल अशी शिवी हवी होती, आणि ती राजाने स्वतःच्या खर्चाने कोरून घेतली.

चित्राचे गहन अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. बाई म्हणजे भूमी, गाढव म्हणजे गाढवाचा नांगर, म्हणून जमीन नापीक होईल, वगैरे. गाढवाचा नांगर फिरवणं ही गोष्ट आपल्याकडे होतीच, त्यामुळे तो अर्थ अगदी टाकाऊ नाही. पण लेख सरळ ‘माय’ म्हणतो तेव्हा चित्रातली बाई ही गुन्हेगाराची आई आहे, हे मानायला काय हरकत आहे? पुरुषाने जमीन लाटली तर शिक्षा त्याच्या आईच्या देहावर. देवळाच्या दारात, राजाच्या नावाने. बाईला चेटकीण ठरवणाऱ्या गावाची आणि या दगडाची जातकुळी वेगळी नाही, असं माझं मत आहे.

सूर्य-चंद्र बॅबिलोनच्या दगडावरही आणि ठाणे जिल्ह्याच्या दगडावरही, म्हणून ‘तिकडून आलं’ असं लिहिणारे भेटतात. मधे दीड हजारांहून जास्त वर्षांची पोकळी आहे आणि तिच्यात दुवा नाही. गाढवाची शिवी तर इजिप्तमधल्या लिबियन राजवटीच्या काळच्या दानलेखांतही आहे, म्हणजे परळच्या किमान अठराशे वर्षं आधी. जमीन, दान, दूरचा राजा आणि घराघरात गाढव एवढं जमलं की ही शिवी कुणालाही सुचू शकते. ती कुणी कुणाकडून शिकावी लागत नाही.

दगड तुमच्या बांधावर आहे म्हणून थोडं कामाचं सांगतो. त्याला शेंदूर, ऑइल पेंट लावू देऊ नका. चुना लावून अक्षरं ‘उठवू’ नका. खडूने तर मुळीच गिरवू नका, गिरवणारा स्वतःच्या मनातलं अक्षर तयार करतो. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने माती काढा. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा, समोरून नको. दुपारी कोरा दिसणारा दगड अशा उजेडात ओळीच्या ओळी दाखवतो. चारी बाजूंनी उजेड फिरवत फोटो काढा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. ठसा घेणाऱ्याला त्याचं काम करू द्या: ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा, जरा सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं होतं. दगडाखाली धन आहे असं गावात कुणी म्हणत असेल तर तेवढं मात्र लवकर थांबवा. असे कितीतरी दगड त्या नादाने फोडले गेले आहेत.

उघड शाप राजाबरोबर गेला नाही. मराठेशाहीतल्या आणि त्याआधीच्या कागदांत ‘हिंदू होऊन इस्कील करील त्यास गाईची आण, मुसलमान होऊन करील त्यास सोराची आण’ या वळणाची वाक्यं येतात (इस्कील म्हणजे हरकत, सोर म्हणजे डुक्कर), ती याच घराण्यातली. भांडणात बेल-भंडारा उचलणं म्हणजे स्वतःलाच अट घालून शाप घेणं. आणि तळकोकणात गाऱ्हाणं आजही जिवंत आहे. चोरी झाली, जमिनीत कुणी खुंटा सरकवला, तर माणूस देवळात जातो, नारळ ठेवतो, आणि गुरव किंवा घाडी सगळ्यांच्या देखत देवाला सांगतो: महाराजा, याचं जे कुणी नेलं असेल त्याला जागा करून दे. जमलेले लोक ‘होय महाराजा!’ म्हणतात. कोर्टात जायला पैसे नाहीत, पोलीस पाटील त्याच भावकीतला, अशा माणसाचं हे अपील. वस्तू परत मिळाल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात आणि त्यात नवल नाही, चोर बहुधा गर्दीतच उभा असतो. गाऱ्हाण्यात नाव घेत नाहीत, ‘जो कोणी असेल तो’ म्हणतात. परळच्या दगडावरही ‘जो कोणु’ आहे. उघड शापाची ही एक बाजू मला बरी वाटते. तो अपराधावर पडतो, कुणा ठरावीक माणसावर पडत नाही.

करणीच्या आरोपात नेमकं उलटं होतं. अपराध झालेलाच नसतो, दुर्दैव असतं: मूल दगावलं, म्हैस आटली, पोरगा अंथरुणाला खिळला. घरचे देवऋषाकडे जातात, सातपुड्यात बडव्याकडे, कुठे भगताकडे. तो दाणे टाकतो, तांदूळ मोजतो, आणि मग प्रश्न विचारायला लागतो. घराच्या कोणत्या बाजूला कोण राहतं? कुणाशी बोलाचाली नाही? परवा कोण ताक मागायला आलं होतं? नाव घरचेच देतात, तो फक्त शिक्का मारतो. नंदुरबारकडे अशा बाईला डाकीण म्हणतात. विधवा, निपुत्रिक, वाट्याला थोडी जमीन, आणि दिराचा त्या जमिनीवर डोळा, हे चित्र झारखंडपासून सातपुड्यापर्यंत पुन्हा पुन्हा येतं. मराठवाड्यातली भानामती थोडी निराळी. तिथे कपडे पेटतात, अंगावर फुल्या उठतात, बाया भुंकतात, आणि मुळाशी गेलं तर बहुतेक वेळा घरातल्याच कुणाची तरी कोंडी निघते. पण तिथेही शेवटी कुणातरी शेजारणीचं नाव पुढे येतंच.

या नाव घेण्यावर कायदे झाले ते अलीकडे. बिहारने १९९९ मध्ये केला, झारखंडने तोच २००१ मध्ये स्वीकारला, आसामच्या विधानसभेने २०१५ मध्ये मंजूर केला. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याच्या अनुसूचीत अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवतो असं भासवणं हा गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. गुरांच्या दुधाचा उल्लेख वाचून शहरातले लोक हसतात. ज्याने तो मसुद्यात घातला त्याला गाव माहीत होतं.

मनूने दंड लावला तो करणी करणाऱ्याला. या कायद्याने लावला तो करणी केली असं म्हणणाऱ्याला. हा विचार नवा वाटतो, पण बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत, इ.स.पू. सुमारे १७५० मध्ये, दुसऱ्याच कलमात तो निम्मा आलेला आहे. कुणी दुसऱ्यावर चेटकाचा आरोप केला आणि सिद्ध करता आला नाही, तर आरोपीने नदीत उडी घ्यायची. बुडाला तर त्याचं घर आरोप करणाऱ्याला. तरला तर आरोप करणाऱ्याला देहदंड, आणि त्याचं घर आरोपीला.